एका दिवसाचं मकाव, आईच्या चालीने

हाँगकाँगला घरी पाहुणे आले की पीक, बिग बुद्धा आणि लेडीज मार्केट उरकल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मकावचा विषय निघतोच. "एवढं जवळ आहे, तर जाऊन यायचं का?" मग कुणीतरी एखाद्या सहल कंपनीचा कागद आणतं. सकाळी सातला बस, दोन कॅसिनो, एक टॉवर, मध्ये एका दुकानात "ऐच्छिक" खरेदीचे दोन तास आणि रात्री दहाला परत. आपल्या मंडळातल्या निदान चार घरांतून मी अशा सहलीची वर्णनं ऐकली आहेत. चारही ठिकाणी फोटो खूप निघाले आणि आजी-आजोबांचे पाय सुजले.

गेल्या दिवाळीनंतर माझी आई पहिल्यांदा इथे आली, तेव्हा मी ठरवलं की मकाव आपलं आपणच करायचं. नवऱ्याला सुट्टी मिळणार नव्हती. म्हणजे मी, आई आणि आठ वर्षांची लेक, अशा तिघीच. त्यासाठी जी तयारी केली ती इथे लिहिते आहे, कारण हिवाळ्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील, सासू-सासरे येतात आणि हा प्रश्न घरोघरी पडतो.

आधी आईविषयी थोडं सांगते, कारण सगळी आखणी तिच्याभोवती होती. बाबा सावंतवाडीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. घरात प्रवास म्हणजे बाबांचं खातं. तिकीट, वेळापत्रक, कुठल्या थांब्यावर चहा बरा, सगळं ते बघायचे आणि आई पिशवी घेऊन मागे चालायची. २०२१ च्या मे महिन्यात बाबा गेले. तेव्हा हाँगकाँगने भारतातून येणारी विमानं थांबवलेली होती. मी जाऊ शकले नाही, सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर आईने प्रवास असा केलाच नाही. बांद्याला माहेरी जायचं तरी मामा न्यायला यायचा. इकडे येतानाही तिला मुंबईहून ओळखीच्या कुटुंबाची सोबत होती. त्यामुळे मकावला जायचं ते तिला चार ठिकाणं "दाखवायला" नव्हे, तिचं तिकीट तिच्या हातात द्यायला, असं माझ्या मनात होतं. हे मी तिला अर्थातच सांगितलं नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. मकावला भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ३० दिवसांपर्यंत राहता येतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण अडचण जाताना नसते, परतताना असते. हाँगकाँग आणि मकाव दोन्ही चीनचेच भाग असले तरी दोघांची इमिग्रेशन वेगळी. बोटीत बसलात की हाँगकाँगचा मुक्काम संपला, परत येणं म्हणजे नवा प्रवेश. पाहुणे १४ दिवसांसाठी आगाऊ नोंदणी करून आले असतील, तर ती नोंदणी सहा महिने चालते आणि तिच्यावर पुन्हा येता येतं. मात्र आईसारखं कुणी जास्त दिवसांसाठी व्हिसा काढून आलं असेल, तर तो एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हे मकावच्या बेताआधी बघा. आम्ही अर्ज करतानाच अनेक प्रवेशांची मागणी केली होती. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर मकाव विसरा आणि च्युंग चाऊच्या बोटीत बसवून आणा, तीही छान होते.

आता बोट की पूल? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो ५५ किलोमीटरचा पूल सुरू झाल्यापासून हा वाद आपल्याकडे रंगतो. तुंग चुंगला राहणाऱ्यांना पुलावरची बस सोयीची आणि खूपच स्वस्त पडते, हे मान्य. पण तिथे आधी बंदरापर्यंत एक बस, मग पुलावरची दुसरी, पलीकडे उतरून तिसरी, अशी चढ-उतार होते. बोट शुंग वानच्या टर्मिनलवरून सुटते. एमटीआरच्या डी दरवाजातून बाहेर पडलं की त्याच इमारतीत वर जायचं, पाऊस असला तरी छत्री लागत नाही. तासाभरात पलीकडे. आणि खरं सांगायचं तर, वेंगुर्ल्याचा समुद्र बघत मोठ्या झालेल्या बाईला मी पुलावरून कशाला नेऊ?

बोटीच्या तिकिटात दोन गोष्टी बघायच्या. शुंग वानच्या एकाच टर्मिनलवरून मकावच्या दोन वेगवेगळ्या धक्क्यांना बोटी जातात, एक आउटर हार्बर आणि दुसरा ताइपा. जुनं शहर बघायचं तर आउटर हार्बर. ताइपाला उतरलात तर मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या दारात पोचाल आणि जुन्या गावात यायला पुन्हा पूल ओलांडावा लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे वार. आठवड्यातल्या दिवसांची दिवसाची तिकिटं सर्वांत स्वस्त असतात, शनिवार-रविवार आणि सुट्टीला महाग, रात्रीची त्याहून महाग. लेकीच्या शाळेला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची एक सुट्टी होती, मंगळवारी. तोच दिवस धरला. बुधवार टाळायचा हेही मनात होतं, त्याचं कारण पुढे येईल. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष हे दिवस तर मकावचं नावच काढू नये असे. उलट नोव्हेंबर-डिसेंबरची कोरडी, गार हवा म्हाताऱ्या माणसांना फार मानवते. उन्हाळ्यात जायचं तर वादळाच्या इशाऱ्यावर लक्ष ठेवा. आठ नंबरचा बावटा लागला की बोटी बंद होतात आणि तुम्ही पलीकडेच अडकता.

बी.एड.ला असताना आम्हाला पाठाचं टाचण काढायला लावायचे, उद्दिष्ट, साधनं, वेळेची विभागणी. शाळा सुटली तरी ती खोड सुटलेली नाही. मी मकावचं टाचण काढलं आणि मग त्यातलं निम्मं खोडलं. कलोआनचं गाव खोडलं, व्हेनेशियनमधल्या गोंडोला खोडल्या, दीपगृह खोडलं, टॉवर तर मुळात लिहिलाच नव्हता. गोंडोलांबद्दल माझं काही वाकडं नाही. ज्यांना चालवतच नाही अशा मंडळींना तो गारेगार, सपाट फरशीचा महाल खरंच बरा, आणि धक्क्यापासून हॉटेलांच्या फुकट बसही असतात. लहान मुलं बरोबर असली तरी आत फिरता येतं, फक्त जुगाराच्या भागात २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. पण एका दिवसात महाल आणि जुनं शहर दोन्ही करायला गेलात, तर दोन्हींची वाट लागते.

उरलं ते एवढं: आ-मा मंदिर, तिथून चालत जवळची दोन ठिकाणं, मग टॅक्सीने सेनादो चौक, आणि तब्येत असली तर सेंट पॉलचे अवशेष. साडेआठची बोट, परतीची साडेपाचची. पिशवीत पासपोर्ट, आईच्या गोळ्या दोन डब्यांत, दशम्या, लसणाची चटणी आणि एक शाल. शाल विसरू नका, बोटीत एसी असा लावतात की काश्मीर आठवावं. हाँगकाँगच्या सिमकार्डावर मकावमध्ये इंटरनेट चालेलच असं नाही, म्हणून सगळ्या ठिकाणांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये फोटो काढून ठेवली. टॅक्सीवाल्यांना पोर्तुगीज नावं कळत नाहीत, इंग्रजीही जेमतेम. पैसे मात्र बदलायची गरज नाही, हाँगकाँग डॉलर दुकानांतून एकास एक चालतो. फक्त सुट्टे पैसे पटाकांमध्ये परत मिळाले तर ते तिथेच संपवा, इकडे कुणी घेत नाही.

टर्मिनलवर आमची ताटातूट होणार हे मला ठाऊक होतं. आपण रहिवासी ओळखपत्र लावून यंत्राच्या दारातून जातो, पाहुण्यांची रांग वेगळी. मी आईला म्हटलं, "मीही तुझ्याच रांगेत येते." ती म्हणाली, "कशाला? तू पलीकडे उभी राहा. काय विचारणार आहेत ते? पासपोर्ट तर दाखवायचा." तिच्या हातात पासपोर्ट, तिकीट आणि माझा पत्ता लिहिलेला कागद होता. काचेपलीकडे मी आणि लेक उभ्या. सहा-सात मिनिटं लागली असतील. आजकाल शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात किंवा नुसतंच सोडतात. ती बाहेर आली ती थोडी नाराजच. "शिक्का नाही मारला गो त्याने!"

बोटीच्या दाराशी सीट नंबरचा कागद तिकिटावर चिकटवून देतात. तिथेच हात दाखवून खिडकी मागितली तर बहुधा मिळते, आईला मिळाली. बोट लांटाऊच्या दक्षिणेने जाते. निळंहिरवं पाणी हळूहळू गढूळ होत जातं आणि मकाव जवळ येईस्तोवर पार चहाच्या रंगाचं होतं, मोती नदीच्या गाळामुळे. पावसाळ्यात तेरेखोलची खाडी अशीच दिसते, हे मला आईने सांगितलं. पोट बिघडणाऱ्यांसाठी समोरच्या खिशात कागदी पिशव्या असतात. आम्हाला लागल्या नाहीत, पण वाऱ्याच्या दिवशी लागतात, तेव्हा सकाळी भरपेट पोहे खाऊन निघू नका.

आ-मा मंदिर समुद्राच्या देवीचं, कोळ्यांची राखण करणारी. ते पोर्तुगीज येण्याआधीपासून आहे आणि मकाव हे नावही तिच्यावरूनच आलं असं मानतात. टेकडीवर थर चढत गेलेलं देऊळ आहे, वर जायलाच हवं असं नाही. खालच्या अंगणात छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठमोठ्या वेटोळ्यांखाली आई बराच वेळ बसली होती.

तिथून पाच-सात मिनिटांचा हलका चढ चढलं की पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, कमानींच्या व्हरांड्याची एक लांब इमारत लागते. सहल कंपन्या हिच्यासमोर थांबतही नाहीत. हिला मूरिश बरॅक्स म्हणतात. १८७४ साली ही बांधली ती गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी, मकावच्या पोलिसांना कुमक म्हणून. आता तिथे सागरी खात्याची कचेरी आहे, बाहेरच्या व्हरांड्यात तेवढं जाता येतं. मी मराठीत एम.ए. केलेलं, शाळेत सहावीला इतिहासही शिकवलेला, पण मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली चालायचा, हे मला मकावची तयारी करेपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण पोर्तुगीज म्हटलं की वसई आणि गोव्यापाशी थांबतो. त्याच दोरीचं दुसरं टोक इथे बांधलेलं आहे. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला, आणि मकाव १९९९ सालच्या १९ आणि २० डिसेंबरच्या मधल्या मध्यरात्री. आईने व्हरांड्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे पेडण्याचा, डिचोलीचा कोणीतरी इथे पहारा देत असणार. त्याच्या आईला कुठे माहीत असणार हे गाव कुठे आहे ते." यावर मी काही बोलले नाही.

पुढच्याच वळणावर लिलाव चौक आहे. दोन वडासारखी झाडं, एक जुना झरा आणि भोवती रंगीत घरं. पोर्तुगीजांची पहिली वस्ती होती त्या भागातला हा चौक. नाव वाचून लेक म्हणाली, "इथे ऑक्शन व्हायचं?" तर नाही. या लिलावचा अर्थ डोंगरातला झरा. पण गंमत अशी की आपला मराठी लिलाव हा शब्दही मूळ पोर्तुगीजच, फक्त वेगळा. तिथून आमचा एक खेळ सुरू झाला आणि तो संध्याकाळपर्यंत चालला. मकावमध्ये रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर चिनीबरोबर पोर्तुगीजही असतं. त्यात लपलेले आपले शब्द शोधायचे. चर्चच्या पाटीवर "इग्रेजा" दिसलं, आजी लगेच म्हणाली, "इगर्ज!" कोकणातल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. बेकरीच्या पाटीवर पाव सापडला, किल्ल्या करून देणाऱ्याकडे चावी. मग मी साबण, बादली, इस्त्री, बटाटा, कोबी, अननस, पगार, घमेलं असे एकेक सांगत गेले आणि लेक मोजत राहिली. मराठी वर्गात तिला शब्दसंग्रहाची वही भरायचा अतिशय कंटाळा. त्या दिवशी तिने बोटीच्या तिकिटाच्या पाकिटावर पंचवीस शब्द लिहिले.

चौकाला लागूनच मँडरिन हाउस आहे, १८६९ च्या सुमाराचा एका चिनी व्यापारी-विचारवंताच्या घराण्याचा वाडा. प्रवेश फुकट, बुधवारी बंद. बुधवार टाळायचा तो यासाठी. साठावर खोल्या, एकातून दुसऱ्यात उघडणारे चौक, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या. गोव्यातल्या जुन्या घरांत अशाच असतात. आईच्या आजोळी बार्देशात होत्या म्हणे. "आम्ही नखाने टोकरून टोकरून एक काढली होती, मार खाल्ला होता." ही गोष्ट मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. आम्ही तिथल्या बाकावर तास-दीड तास बसलो. टाचणात वीस मिनिटं होती.

सेनादो चौकाबद्दल जास्त लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. काळ्या-पांढऱ्या लाटांची फरसबंदी दिसायला सुंदर, पण ओली असली की निसरडी आणि पातळ चपलेतून टोचते, तेव्हा बूट घाला. आईचा शेरा: "ह्यां तर पणजेसारख्यांच दिसता, फक्त माणसां वेगळी." अवशेषांकडे जाणारी गल्ली गर्दीने गच्च असते. १६०२ ते १६४० मध्ये बांधलेलं ते चर्च १८३५ च्या आगीत गेलं, दर्शनी भिंत तेवढी उरली. समोर साठ-सत्तर पायऱ्या आहेत. आईने खालूनच पाहिलं आणि समाधान मानलं. लेक पळत वर जाऊन आली. वाटेत सेंट जोसेफचं चर्च करायचं मनात होतं, कारण फ्रान्सिस झेवियरच्या दंडाचं हाड तिथे ठेवलेलं आहे. बाकीचं बहुतेक शरीर जुन्या गोव्यात आणि दंडाचं हाड इथे! पण तिथे चढ होता. पुढच्या खेपेला.

खाण्याचं स्पष्टच सांगते. शाकाहारी मंडळींचे हाल होतात. डबा न्या. गल्लीत हातावर ठेवतात ती बदामाची बिस्किटं प्रत्यक्षात मुगाच्या पिठाची असतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यात डुकराची चरबी घालतात, विचारूनच तोंडात टाका. एग टार्ट नावातच अंडं सांगते. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. तिथल्या मिश्र घराण्यांच्या स्वयंपाकात बालिशांव नावाची कोलंबीची आंबवलेली चटणी असते, गोव्याच्या बाळचावाची ती थोरली बहीण मानतात. आईने वास घेतला आणि "आमच्यात तिरफळ जास्त" असा निकाल दिला. नारळाच्या दुधाची बेबिंकाही मिळते, पण ती थरांची नसते. गोव्याची मनात धरून मागवाल तर हिरमुसाल.

चार वाजता आई म्हणाली, "आता चला. गाडी सुटायच्या आधी अर्धा तास स्टँडवर." हे बाबांचं वाक्य. ते बाबांचं आहे हे तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ती सरळ टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी स्वतः पाऊण तास धरते, कारण इमिग्रेशनची रांग संध्याकाळी वाढते. लवकर पोचलात आणि आधीच्या बोटीत जागा असली तर राखीव रांगेत उभं राहून तिच्यातही जाता येतं. आम्ही तसंच केलं, पाचची बोट मिळाली. परतताना खिडकी लेकीने पटकावली. आई तिकिटाच्या मागे छापलेलं वाचत बसली आणि मग तिने विचारलं, त्या टर्मिनलवरून अजून कुठे कुठे बोटी जातात?